गर्दी वेडी नसते : मधमाशा, महाड आणि आपले स्वयंसेवक

6 डिसेंबर जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये लगबग सुरू होते. कुणी गाड्यांची चौकशी करतो, कुणी भोजनदानासाठी वर्गणी जमवतो, कुणी पुस्तकांच्या स्टॉलची तयारी करतो. लाखो अनुयायी दादरला चैत्यभूमीवर येतात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात, महामानवाला अभिवादन करतात, पुस्तके घेतात आणि गावी परततात. तरीही या जनसागराबद्दल बोलताना काहींचा सूर तक्रारीचाच असतो. त्यामागे एक जुनी समजूत आहे : माणूस एकटा असतो तेव्हा शहाणा असतो, गर्दीत गेला की वेडा होतो. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ याने 1895 मध्ये गर्दीवर पुस्तक लिहून ही समजूत जगभर पोहोचवली.

ती किती खरी आहे, हे आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण गर्दी सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि तिथे चूक झाली तर माणसे जिवाला मुकतात.

मधमाशा निर्णय कसा घेतात?

पोळे भरले की राणीमाशी आणि हजारो मधमाशा बाहेर पडतात आणि एखाद्या फांदीवर घोसासारख्या लटकतात. आता नवे घर शोधायचे असते. काही शे अनुभवी माशा टेहळणीला जातात. ज्या माशीला जागा सापडते ती परत येऊन नाचते. नाचण्याच्या दिशेवरून आणि वेळेवरून इतरांना जागेची दिशा आणि अंतर कळते. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त वेळ चालतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस सीली यांनी अनेक वर्षे याचा अभ्यास केला. त्यात दिसून आलेली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे. नाच पाहिलेली माशी लगेच त्या जागेचा प्रचार करत नाही. ती आधी स्वतः जाऊन जागा पाहून येते. पटली तरच नाचते. अशा रीतीने एकाच जागी साधारण वीस-तीस टेहळ्या माशा एकदम दिसू लागल्या की निर्णय पक्का होतो. मग सारा थवा उडतो. त्यातल्या बहुतेक माशांनी ते ठिकाण पाहिलेलेच नसते. वाट माहीत असलेल्या मोजक्या माशा थव्यातून वेगाने पुढे झेपावत दिशा दाखवतात. राणी हुकूम सोडत नाही.

याच्या उलट उदाहरण लष्करी मुंग्यांचे. या जवळजवळ आंधळ्या मुंग्या पुढच्या मुंगीच्या गंधामागे चालतात. एखादी तुकडी मुख्य रांगेपासून तुटली तर कधी कधी तिचे गोल रिंगण तयार होते. प्रत्येक मुंगी पुढचीच्या मागे फिरत राहते आणि दमून मरते. कुणीच स्वतः पाहत नाही, म्हणून कुणालाच कळत नाही.

ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात अनेकदा ऐकतो. आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलताना आपण मधमाशी असतो की रिंगणातली मुंगी, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

महाडची दोन रूपे

आपल्याच इतिहासात याचा धडा आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीत चालत चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर गावात अफवा पसरली की, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. कुणी खातरजमा केली नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर तुटून पडला. आपल्या लोकांना प्रतिकार करता आला असता. पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि त्यांनी ते ऐकले.

एकाच दिवशी, एकाच गावात दोन समूह होते. एकाला उद्देश ठाऊक होता आणि मार्गदर्शकावर विश्वास होता. दुसऱ्याकडे फक्त अफवा होती. संख्येपेक्षा हा फरक महत्त्वाचा ठरला.

चेंगराचेंगरी का होते?

बहुतेक वेळा बातमी येते की, लोक घाबरून सैरावैरा पळाले. प्रत्यक्षात अनेक दुर्घटनांत पळायलाच जागा नसते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तर हळूहळू चालता येते. सहा-सात झाली की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाऊ लागते. अशा वेळी अनेक मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात, आणि माणूस उभ्या उभ्याही गुदमरू शकतो. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून ते पुढे सरकत राहतात. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना माहिती नसते.

29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर पावसामुळे गर्दी अडकली आणि 23 जणांचा जीव गेला. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरला हक्क मागायला आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण मृत्युमुखी पडले. त्यात स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. इंग्लंडमध्ये 1989 साली हिल्सबरो मैदानावर 97 जणांचे प्राण गेले, तेव्हा पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या माथी मारला. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे ज्युरीने सांगायला 2016 साल उजाडले. नातेवाईक 27 वर्षे लढत राहिले.

म्हणून 'लोक बेशिस्त होते' हे वाक्य ऐकले की आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत : वाट किती रुंद होती? बाहेर पडायला जागा होती का? मागच्यांना कुणी काही सांगितले का?

उलट संकटात माणसे एकमेकांना धरून राहतात. 7 जुलै 2005 रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. त्यातून वाचलेल्यांशी मानसशास्त्रज्ञ जॉन ड्ररी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलून पाहिले. अंधारात, धुरात अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिला, पाणी दिले, जखमा बांधल्या. आपण सगळे एक आहोत, ही भावना तिथे कामी आली. आपल्याकडे ती भावना 'जय भीम' या दोन शब्दांत आधीच आहे.

मग आपण काय करायचे?

2008 साली ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी लोकांना एका मोठ्या दालनात न बोलता फिरायला सांगितले. कुठे जायचे, हे मोजक्यांनाच माहीत होते. 200 जणांच्या गटात फक्त दहा जाणकारांनी बाकीच्यांना योग्य ठिकाणी नेले. बाकीच्यांना दुसरीकडे जायचे नव्हते, म्हणून हे साधले, हे लक्षात ठेवायला हवे. आपल्या अभिवादनाच्या रांगेतही सर्वांना एकाच ठिकाणी जायचे असते. म्हणजे शंभरात पाच प्रशिक्षित स्वयंसेवक गर्दीत मिसळलेले असतील, तर मोठे काम होऊ शकते.

समता सैनिक दलाची परंपरा आपल्याकडे आहेच. तिला या माहितीची जोड देऊ या :

1. विहाराच्या अंगणात खडूने एक मीटरचा चौकोन आखा. त्यात आधी चार, मग सहा जण उभे करा. धोक्याची दाटी कशी दिसते, ते डोळ्यांना कळू द्या.
2. सगळे स्वयंसेवक पुढे उभे करू नका. निम्मे मागे ठेवा. दाटी वाढली की आधी मागची रांग थांबवा.
3. 'पळा', 'धावा' असे शब्द वापरू नका. काय झाले आहे आणि आता काय करायचे, ते थोडक्यात, खरे सांगा. माहिती दडवली की अफवा जन्मते.
4. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवा. जिने, पूल आणि अरुंद गल्ल्या आदल्या दिवशी चालून पाहा.
5. दाटीत सापडल्यास दोन्ही हात छातीसमोर धरा, लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावू नका, तिरके सरकत कडेला या. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. पडलेल्या माणसाला मात्र लगेच उभे करा.

वज्जींची हानी का होणार नाही, हे सांगताना भगवान बुद्धांनी सात कारणे सांगितली होती. त्यांत एक असे की, ते एकजुटीने जमतात आणि एकजुटीने उठतात. जमणे आपल्याला येते, ते आपण दरवर्षी जगाला दाखवतो. सुखरूप उठणे हीसुद्धा धम्माचीच शिकवण आहे. दूर खेड्यातून आलेली आजी बाबासाहेबांना वंदन करून, हातात एखादे पुस्तक घेऊन सुखरूप घरी पोहोचली पाहिजे, एवढी जबाबदारी आपण तरुणांनी घेऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!