मस्तिष्कालेखन विद्युत् अग्रे

मेंदूतील विद्युत् क्रियाशीलता नोंदण्यासाठी डोक्याच्या त्वचेवर, मेंदूच्या पृष्ठभागावर किंवा मेंदूच्या आत बसविण्यात येणारे संवाहक. रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर विद्युत् अग्रे ठेवून असे प्रवाह आढळल्याचे जाहीर केले. मानवी मेंदूचा पहिला आलेख जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मिळविला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला.

शरीरात विद्युत् भाराचे वहन आयनांमार्फत, तर तारेत इलेक्ट्रॉनांमार्फत होते. या दोहोंची सांधणी करणे हे विद्युत् अग्राचे मूळ कार्य होय. सिल्व्हर क्लोराइडाचा थर दिलेली चांदीची चकती यासाठी विशेष उपयुक्त ठरते. कारण तिचे स्वतःचे वर्चस् बरेच स्थिर राहते. चकती व त्वचा यांमध्ये क्षारयुक्त लेप लावून संरोध सामान्यतः ५,००० ओहमपेक्षा कमी ठेवतात. त्वचेवर मिळणारा वर्चोभेद सु. १० ते १०० मायक्रोव्होल्ट इतका अल्प असल्याने तो विवर्धकाने वाढवावा लागतो. १९५८ मधील आंतरराष्ट्रीय १०–२० पद्धतीनुसार अग्रांच्या जागा डोक्याच्या मापाच्या १० व २० टक्के अंतरांवर ठरवितात. त्यामुळे निरनिराळ्या आलेखांची तुलना शक्य होते.

त्वचेवरील अग्र एकेका तंत्रिका कोशिकेची नव्हे, तर असंख्य कोशिकांच्या एकसमयी क्रियांची बेरीज नोंदते. कवटीमुळे ती क्षीण व पसरट होते. डोळ्यांच्या उघडझापीचे संकेतही तीत मिसळतात. अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) निदानात हा आलेख फार उपयोगी आहे. परंतु तो प्राकृत आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी विकृत भाग निश्चित करण्यासाठी काही रुग्णांत मेंदूवर किंवा आत अग्रे बसवितात.

आरोपीस गुन्ह्यासंबंधीची वाक्ये ऐकवून आलेखावरून त्याची स्मृती ओळखता येते, असाही दावा करण्यात आला. पुणे येथील सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात अशा चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात विचारात घेतला. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशी चाचणी संमतीवाचून करण्यास मनाई केली. संमतीने केलेल्या चाचणीचे निष्कर्षही स्वयमेव पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत, असे ठरविले. अग्राने मोजलेला वर्चोभेद व त्यावरून काढलेले अनुमान यांतील हा भेद रुग्णालयातही तितकाच महत्त्वाचा आहे. म्हणून तेथे आलेखाचा अर्थ रुग्णाच्या लक्षणांबरोबरच लावतात.