न जतन केलेल्या संगणकीय कामाची पुनर्प्राप्ती

संगणक अचानक बंद पडल्यामुळे किंवा आपोआप पुन्हा सुरू झाल्यामुळे अर्धवट राहिलेला मजकूर, हिशेब अथवा पृष्ठरचना परत मिळवण्याच्या प्रक्रियेला न जतन केलेल्या कामाची पुनर्प्राप्ती म्हणतात. संगणक बंद पडण्यापूर्वी जे काम डिस्कवर लिहिले गेले असेल तेवढेच परत मिळू शकते. सातारा व सांगली जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालये, ग्रामपंचायती, सहकारी संस्था, अडत दुकाने आणि डीटीपी केंद्रे यांचे दैनंदिन काम संगणकावर चालते. त्यामुळे तेथे या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

१,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाचे धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. तरीही दोन्ही जिल्ह्यांत वीज खंडित होण्याचे प्रसंग येतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या बऱ्याच भागांत भारनियमन होते. त्याची वेळ ठरलेली असल्यास काम आधी जतन करून ठेवता येई. वळवाच्या वाऱ्याने वीजवाहिन्यांवर झाडे पडली की पुरवठा मात्र पूर्वसूचनेशिवाय तुटतो. कृष्णा व वारणा नद्यांच्या २०१९ मधील महापुरात सांगली शहरासह नदीकाठच्या अनेक भागांत वीजपुरवठा बंद राहिला. विजेखेरीज संगणक प्रणालीचे अद्ययावतीकरण, अतिउष्णता आणि सदोष सुटे भाग यांमुळेही संगणक अनपेक्षितपणे पुन्हा सुरू होतो.

काम नाहीसे होण्याचे कारण

टंकलिखित केलेला मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतो. वीज जाताच ही स्मृती रिकामी होते. ‘जतन करा’ ही आज्ञा दिल्यावर मजकूर डिस्कवर लिहिला जातो व विजेविना टिकतो. एनटीएफएससारख्या नोंदवहीयुक्त फाइल प्रणाली डिस्कवरील फाइलींची मांडणी विस्कळीत होऊ देत नाहीत. परंतु डिस्कपर्यंत न पोहोचलेला मजकूर त्या परत आणू शकत नाहीत.

पुनर्प्राप्तीच्या पद्धती

अनेक आज्ञावल्या ठरावीक अंतराने कामाची तात्पुरती प्रत डिस्कवर ठेवतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मूळ मांडणीनुसार हे अंतर १० मिनिटांचे असते. म्हणजे शेवटच्या १० मिनिटांपर्यंतचे काम गमावण्याची शक्यता राहते. संगणक सुरू झाल्यावर वर्ड उघडल्यास परत मिळालेल्या दस्तऐवजांची यादी दिसते. ती बंद करण्यापूर्वी प्रत्येक प्रत उघडून तपासणे व नव्या नावाने जतन करणे आवश्यक असते. मूळ फाइलवर लगेच लिहिल्यास दोन्हींतील अधिक पूर्ण प्रत कोणती, हे ताडून पाहण्याची संधी जाते. यादी न दिसल्यास ‘फाइल’ विभागातील ‘इन्फो’ आणि ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या मार्गाने न जतन केलेले दस्तऐवज शोधता येतात. लिब्रेऑफिसही पुन्हा उघडताना पुनर्प्राप्तीची विचारणा करते.

मराठी छपाईच्या कामात दीर्घकाळ वापरात राहिलेल्या पेजमेकरची पद्धत वेगळी आहे. त्यात पान बदलणे, नवे पान घालणे किंवा छपाईची आज्ञा देणे अशा वेळी लघुजतन आपोआप होते. संगणक बंद पडल्यानंतर तीच फाइल उघडल्यास शेवटच्या लघुजतनापर्यंतची मांडणी मिळते. त्यामुळे एकाच पानावर बराच वेळ काम करणाऱ्याचे नुकसान तुलनेने अधिक होते.

गूगल डॉक्समध्ये बदल सतत दूरस्थ संगणकावर पाठवले जातात. इंटरनेट तुटल्यावर मात्र ऑफलाइन सुविधा आधी सुरू केलेली असेल तरच पुढचे काम त्याच यंत्रावर टिकते.

मर्यादा

एकदाही नाव देऊन जतन न केलेली फाइल परत मिळणे अधिक अनिश्चित असते. ऑनलाइन अर्जात भरलेली माहिती पुढच्या टप्प्यावर जाण्यापूर्वी वीज गेल्यास बहुधा नव्याने भरावी लागते. पुराच्या पाण्यात भिजलेला संगणक सुरू करून पाहू नये. ओल्या भागांतून वीजप्रवाह गेल्यास वाचू शकणारी डिस्कही निकामी होण्याचा धोका असतो. अशी डिस्क जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते.

प्रतिबंधक उपाय

यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटे संगणक चालू ठेवतो. हा अवधी काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतो, काम पुढे चालू ठेवण्यासाठी नव्हे. काम सुरू करतानाच फाइलला नाव देणे, कंट्रोल व एस या कळा वारंवार दाबणे आणि स्वयंजतनाचे अंतर एक-दोन मिनिटांवर आणणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. विंडोज १० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत कामाचे तास नोंदवल्यास त्या वेळेत अद्ययावतीकरणासाठी संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे टाळता येते. पूरप्रवण भागात महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते. त्याच इमारतीतील पेनड्राइव्ह पुरात संगणकाबरोबरच भिजू शकतो.