नानांची वेलांटी

मराठीचा प्राध्यापक हा घरातल्या मंडळींना एरवी फारसा उपयोगी पडणारा प्राणी नव्हे. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासणे, बारशाला नाव सुचवणे आणि दुकानाच्या पाटीवरची चूक दाखवून बरोबरच्या माणसांचा विरस करणे, एवढीच त्याची कामे. ती मी गेली वीस वर्षे इमानेइतबारे करीत आलो आहे. परंतु 2025 सालच्या जून महिन्यात या विद्येचा मी असा काही उपयोग केला, की आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, घरच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुपच सोडला.

वाद होता हिंदीचा. वाचकांना आठवत असेल, 16 एप्रिल 2025 रोजी राज्य सरकारने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला. गदारोळ झाला. 17 जूनला सुधारलेला निर्णय आला, तोही लोकांना पटला नाही. आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत आमच्या घरात बहुतेक मंडळी निर्णयाच्या विरुद्ध होती. मी तर पोटाने आणि मनाने, दोन्हीकडून विरुद्ध. एकटे नाना पलीकडच्या बाजूला.

नानांची उभी हयात रेल्वेत गेली. त्यातली वीसेक वर्षे इटारसी आणि भोपाळ इकडे. पंचविशी उलटल्यावर हिंदीशी झटापट करावी लागलेला माणूस! त्यांनी ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. साहेबापुढे चार वाक्ये धड बोलता येत नव्हती, बरोबरीचे लोक हसायचे, मी मुकाट्याने मान खाली घालायचो. लहानपणीच ही भाषा कानावर पडली असती तर ती वेळ आली नसती, असे त्यांचे म्हणणे. शेवटचे वाक्य होते, ‘हींदी शिकल्याने मराठी मरत नाही.’

यात मुद्दा होता. त्याला उत्तरही होते, आणि ते मला ठाऊक होते. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एकदम तीन भाषा कशाला, त्या शिकवायला शिक्षक कुठून आणणार, आणि जी भाषा पाचवीत सहज शिकता येते तिच्यासाठी पहिलीतल्या मराठीचे तास का कातरायचे, हे सारे मला लिहिता आले असते. पण त्याला अर्धा तास लागला असता, आणि मी कॉलेजातून दमून आलो होतो. मी लिहिले, ‘नाना, आधी मराठी तरी शुद्ध लिहा. हिंदीची पहिली वेलांटी ऱ्हस्व!’

दोन मिनिटांत अकरा हसरे चेहरे उमटले. खोटे कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. रात्री साडेदहाला कळले. नाना ग्रुपमधून बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी (ग्रुपच्या चालक त्याच) फर्मान काढले : ‘येथे कोणीही राजकारण बोलू नये.’ इराण्याच्या हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीत शोभावे असे! तेव्हापासून ग्रुपवर कमालीची शांतता नांदू लागली. सकाळी गुलाब, दुपारी सुविचार, एकादशीला विठोबा. कुणी कुणाला दुखवीना. सगळे म्हणाले, बरे झाले. आठवडाभर मलाही बरेच वाटले.

मग आगरकर आले. म्हणजे अभ्यासक्रमात आले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी दर जुलैत आगरकरांचे निबंध शिकवतो आणि त्या ओघात टिळक-आगरकरांच्या वादाची हकीकत सांगतो. एका मुलाने विचारले, “सर, त्या काळी लोक सभ्यपणे भांडत असत, नाही का?” ‘अर्थातच’ असे उत्तर ओठांवर आले होते. आम्हा मास्तर लोकांना गतकाळ सोन्याचा करण्याची खोडच असते. पण त्या दिवशी नानांची आठवण टोचत होती, म्हणून जरा थांबलो.

हे दोघे एकेकाळी किती जवळचे! 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणेवरून फाटले. 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, तेव्हा तर दोन्ही बाजूंच्या लेखण्यांना धार चढली. टोमणे, उपहास, व्यक्तिगत चिमटे यांची त्या लिखाणात वाण नाही. ‘सभ्य’ हा शब्द त्याला लावायला मी धजणार नाही.

आणि तरीही, आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी, दोघांचे म्हणणे माझ्या वर्गातल्या पोराला सांगता येते. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी, हे टिळकांचे. आणि कोवळ्या मुलींचे हाल थांबवायला कायदा लागत असेल तर तो लागू द्या, हे आगरकरांचे. शत्रूचा मुद्दा खोडायचा तर आधी तो वाचकांपुढे मांडावा लागे, म्हणून तो टिकला. जखमा झाल्या, पण बोलणे थांबले नाही.

खरी असभ्यता होती ती दुसरीकडे. पुण्यात लोकांनी आगरकरांची, ते जिवंत असताना, प्रेतयात्रा काढली. 1895 च्या डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप मिळू दिला नाही. न्यायमूर्ती रानड्यांना ती दुसरीकडे भरवावी लागली. या दोन्ही गोष्टींत एकही मुद्दा खोडलेला नाही. एकीत सांगितले, हा माणूस आमच्या लेखी मेला. दुसरीत सांगितले, इथे उभे राहून बोलू नका. आगरकर तोवर या जगात नव्हते. चाळिशी गाठण्याआधीच, 17 जून 1895 रोजी ते गेले. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

हे वर्गात सांगता सांगता माझा घसा एकदम सुकला. वेलांटी दाखवून मी नानांचे काय खोडले होते? काहीच नाही. मी चारचौघांत त्यांची तिरडी बांधली होती, आणि अकरा जणांनी खांदा दिला होता! ज्या माणसाला पंचविशीत भाषेवरून हसले गेले, त्याला सत्तरीत पुन्हा भाषेवरूनच हसलो. आणि त्या मजकुरात ते दुःखच तर ते सांगत होते. वहिनींच्या फर्मानाने उरलेला मंडपही काढून घेतला.

यावर कायदा करावा, असे म्हणणारे स्नेही मला भेटतात. कायदा होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम! कुणाला त्रास होईल, गैरसोय होईल असे काही पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. 2012 च्या नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली, आणि त्या ओळी पसंत केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. नुसते पसंत केल्याबद्दल! पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा करणे आणि एखादे मत हिरिरीने मांडणे, ते कितीही अप्रिय असो, ही एक गोष्ट. चिथावणी देणे ही दुसरी. कायद्याने हात घालायचा तो चिथावणीपाशी, असा त्या निकालाचा रोख. गंमत अशी, की मेलेले हे कलम पोलिसांच्या कागदांत पुढेही कित्येक वर्षे जिवंत राहिले. 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

थोडक्यात, नानांना ‘त्रास’ दिल्याबद्दल मला तुरुंगात टाकता आले असते. पण त्याच कलमाने उद्या नानांनाही टाकता आले असते, हे माझ्या स्नेह्यांच्या ध्यानात येत नाही.

मात्र बोलायला मोकळीक दिली म्हणजे भागले, असेही नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच जूनमध्ये भाषेच्या प्रश्नावर फार नेटका मजकूर लिहून फेसबुकवर टाकला होता. खाली आलेल्या उत्तरांत तिसऱ्या भाषेबद्दल अक्षर नव्हते. तिच्या दिसण्याबद्दल, कपड्यांबद्दल आणि लग्नाबद्दल मात्र पुष्कळ होते. तिने दुसऱ्या दिवशी तो मजकूर काढून टाकला. तिच्यावर कुणी खटला भरला नाही, कुणी बंदी घातली नाही. तरी ती गप्प झाली ती झालीच. तिला मी सांगितले, “अगं, घाबरू नकोस, लिही.” ती म्हणाली, “सर, तुमच्या लिहिण्याखाली तुमच्या दिसण्याबद्दल कुणी लिहितं का?” मी निरुत्तर झालो.

गणपती आले. आमच्या घराण्याचा गणपती नानांकडे, डोंबिवलीला. दरवर्षीचे आमंत्रण ते ग्रुपवर घालीत. त्या वर्षी ग्रुपवर नानाच नव्हते, तेव्हा आमंत्रण आहे की नाही, हे कुणाला कळेना. सौ. म्हणाली, “गणपतीला आमंत्रण कसलं लागतंय? उठा!”

गेलो. नमस्कार केला. म्हटले, “नाना, माझं चुकलं.” नानांनी उत्तर दिले नाही, काकूंना म्हणाले, “याला मोदक वाढ.” मोदक संपल्यावर मी त्यांच्या मजकुराला उत्तर दिले. सगळे, तोंडाने, अर्धा तास लावून. नाना ऐकत होते आणि मधूनमधून माझी खोडकी जिरवीत होते. शिक्षकांचा मुद्दा त्यांनी मान्य केला. “पण हसतात रे लोक,” एवढे मात्र पुन्हा म्हणाले. त्यांची मुले इटारसीच्या वसाहतीत खेळता खेळताच हिंदी शिकली, पुस्तकाने नव्हे, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले, तेव्हा ते हसले. पण मत काही बदलले नाही. माझेही नाही. शेवटची लोकल चुकता चुकता राहिली.

निघताना म्हटले, “नाना, ग्रुपवर परत या. वहिनींना सांगतो, पुन्हा घ्या म्हणून.”

“तिथं बोलायला बंदी आहे ना आता?” नाना म्हणाले. “मग काय गुलाब बघायला येऊ?”

वहिनींना हे अजून कसे सांगावे, याचा मी विचार करतो आहे.