विजेच्या तारेवर आधी कोण?

पॉवरलाइन अडॅप्टर सॉकेटमध्ये बसवले की घरातील वीज ज्या तारांतून वाहते, त्याच तारांवरून २ ते २८ मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या वारंवारतांचे क्षीण संकेत संगणकीय माहिती वाहून नेऊ लागतात. मात्र सर्व अडॅप्टरांना मिळून ही वाट एकच असल्यामुळे आधी कोणी बोलायचे, याचा निवाडा सतत करावा लागतो.

'होमप्लग एव्ही' या २००५ मधील मानकाने त्यासाठी चार अग्रक्रम ठरवले असून निवाड्याची रीत मोठी देखणी आहे. एक संदेश संपला की प्रत्येकी सुमारे ३६ मायक्रोसेकंदांचे दोन कप्पे राखले जातात. सर्वोच्च वर्गाचा संदेश धाडू पाहणारा अडॅप्टर दोन्ही कप्प्यांत खूण करतो, दुसऱ्या वर्गाचा केवळ पहिल्यात, तिसऱ्याचा केवळ दुसऱ्यात, तर चौथ्याचा गप्पच राहतो, आणि वरच्या वर्गाची खूण ऐकताच खालचे माघार घेतात. एकाच वर्गाचे अनेक जण उरले, तर प्रत्येक जण यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा ठरलेला, काळ थांबतो.

हा न्याय कठोर आहे, कारण वरच्या वर्गाची रांग हलती असेपर्यंत खालच्याला पाळी मिळत नाही. म्हणूनच चित्रपटाला सर्वोच्च दर्जा देण्याचा मोह आवरणे बरे: त्याचा काही भाग आधीच साठवलेला असतो, तेव्हा त्याला थोडी वाट पाहणे सहज परवडते. इंटरनेटवरील दूरध्वनीचे तसे नाही. त्यातील आवाज प्रचलित पद्धतीत २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो, असा तुकडा जेमतेम १६० बाइटचा असतो, आणि त्याला उशीर झाला की शब्दच गळतो. अग्रक्रम द्यायचा तो अशा लहान पण उतावळ्या संदेशांना.

प्रत्यक्ष नियम लावताना अडॅप्टरच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये संदेशाच्या शीर्षकातील अग्रक्रमाची खूण, किंवा उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, निवडता येतो. बाहेरून येणाऱ्या संदेशांवरील खूण पुष्कळदा पुसलेली असल्यामुळे घरात मॅक पत्त्याचाच आधार अधिक भरवशाचा. शिवाय अडॅप्टर केवळ आपण तारेवर सोडत असलेल्या संदेशांचाच वर्ग ठरवतो, त्यामुळे दूरध्वनीजवळच्या अडॅप्टरवर नियम लावून राउटरजवळचा तसाच सोडला, तर घरचा आवाज पलीकडे स्वच्छ पोहोचतो आणि पलीकडचा मात्र अडखळत येतो.