पिकअपचा टेप आणि तुटकी एरियल

नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळहून आर्णीत येतो आणि पुढे महागाव, उमरखेडमार्गे नांदेडकडे जातो. कापूस-सोयाबीनच्या हंगामात या रस्त्यावर पिकअपची रांग असते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ब्लूटूथवरची गाणी दणक्यात वाजतात, रेडिओ मात्र नुसता खरखरतो. ‘टेप गेला भाऊ, स्टेशनच धरत नाही,’ ही तक्रार ठरलेली. माझं मत विचाराल तर अशा वेळी टेप बहुधा शाबूत असतो. गाणी वाजतात म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठीक आहेत; संशय आधी एरियलवर घ्यावा.

पिकअपच्या एरियलचे हाल कुत्रा खात नाही. बऱ्याच गाड्यांत ती काचेशेजारच्या खांबावर बाहेर असते. पांदणीत बाभळीची फांदी लागते, ताडपत्रीचा दोर अडकतो, वरची कांडी मोडते आणि चालक राहिलेल्या बुंध्यावर तांब्याची तार गुंडाळून मोकळा होतो. यवतमाळ आकाशवाणीच्या 102.7 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी भरते साधारण 73 सेंटिमीटर. कांडी त्याच्या आसपास हवी. बोटभर उरली तर गावात आवाज येईल, घाटात गुल. नागपूरच्या 585 किलोहर्ट्झची गोष्ट वेगळी. त्याची पाव तरंगलांबी 128 मीटर! गाडीवरची कांडी त्यापुढे नगण्यच. म्हणून मध्यम लहरींवर हाती येतो तो सिग्नल मुळातच नाजूक. एरियलची केबल तुटली म्हणून टीव्हीची कोणतीही केबल जोडली, तर तो वाटेतच मरतो.

तपासणी सोपी आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, मग सेट बाहेर ओढून एरियलचा प्लग सोडवायचा. मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या मधल्या पिनला, दुसरं कांडीला लावलं की सलग जोड दिसला पाहिजे. मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मात्र जोड नको. दिसला तर केबल आत कुठेतरी शॉर्ट आहे. शेवटी कडी आणि गाडीची बॉडी: इथे एक ओहमपेक्षा कमी हवं. बऱ्याचदा घोडं इथंच अडतं. पावसाचं पाणी बुंध्यात मुरतं, वॉशरखाली गंज आणि हिरवट थर साचतो, अर्थिंग तुटतं. पॉलिश पेपरने धातू उघडा करायचा, नट कसायचा, वरून ग्रीस आणि चांगली रबर वॉशर. खर्च किरकोळ.

एरियल धड असूनही कुरकुर राहिली, तर कान द्यावा. अ‍ॅक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टी आल्टरनेटरची; सेटची काळी तार सरळ बॉडीच्या स्वच्छ बोल्टला न्यावी. इंजिन बंद असतानाही खरखर असेल, तर मोबाईलचा चार्जर उपटून बघा. स्वस्त चार्जर आणि हौसेने लावलेले एलईडी दिवे मध्यम लहरींची वाट लावतात. आणि पिवळी तार कायम बारा व्होल्टची, लाल चावीची. या दोन उलट जोडल्या की चावी काढताच लावलेली स्टेशनं पुसली जातात.

सगळं ठीक असूनही महागावच्या पुढे यवतमाळ केंद्र विरलं, तर मेकॅनिकला बोल लावू नका. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. पण गावातच खरखर असेल, तर नवा टेप घेण्याआधी शेजारच्या गाडीची एरियल लावून एकदा बघा.