वाळवंटात भेटलेले लोणार

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर डोणगावचे. तिचा मुलगा भूगर्भशास्त्र शिकायला अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला गेला, तेव्हा अक्काच्या डोळ्यांपुढे उंच इमारतींचे शहर उभे राहिले होते. पोराच्या वाट्याला आले मात्र वाळवंट! तिथल्या अभ्याससहलीहून परतल्यावर एका रात्री त्याचा फोन आला. एरवी पाच मिनिटांत ‘ठेवतो, मामा’ म्हणणारा हा गडी त्या रात्री तासभर बोलला.

सहल होती विन्स्लो गावाजवळच्या उल्काविवराची. सगळीकडे सपाट, तांबूस, खुरट्या झुडपांचा मुलूख. “मामा, वैशाखातला आपला माळ आठवा, फक्त काळी माती वजा करा,” असे त्याने वर्णन केले. आणि त्या सपाटीत एकाएकी सुमारे १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल खड्डा! पन्नास हजार वर्षांपूर्वी लोखंडाची एक प्रचंड उल्का तिथे आदळली. पाऊस बेताचा, झाडे नाहीत. म्हणून खड्ड्याचे काठ अजून ठसठशीत आहेत.

या खड्ड्याने भल्याभल्यांना चकवले आहे. गिल्बर्ट हा नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ १८९१ मध्ये तिथे गेला आणि जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने हे झाले असे ठरवून परतला. बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने मात्र उल्केवर विश्वास ठेवला आणि १९०३ पासून तिचे लोखंड शोधण्यासाठी जमीन पोखरली. १९२९ मध्ये तो वारला. लोखंडाची रास काही हाती लागली नाही. आघाताच्या उष्णतेने उल्केचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन उधळला होता. पुढे १९६० मध्ये शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांना तिथे प्रचंड दाबाखालीच घडणारे एक खनिज सापडले आणि उल्केची बाजू पक्की झाली.

काठावर उभे असताना प्राध्यापकांनी आमच्या भाच्याला विचारले, “तुझे गाव कुठले?” त्याने बुलढाणा जिल्हा सांगताच ते आनंदून म्हणाले, “म्हणजे लोणार तुझ्या घराजवळच! तिथे काठावरचे दगडाचे थर कोणत्या बाजूला कलले आहेत रे?”

पोरगा गप्प! नवरात्रात आईचे बोट धरून कमळजा देवीला तो कितीदा गेला होता. धारेखाली अंघोळ केली होती. पण दगडाकडे पाहिले होते कुणी?

हे ऐकून मी हसलो खरा; पण फोन ठेवल्यावर माझेच कान गरम झाले. कॉलेजच्या मुलांची सहल घेऊन मी अनेकदा लोणारला गेलो आहे. दैत्यसूदनाच्या मंदिरातले शिल्प दाखवायचे, लवणासुराची कथा रंगवून सांगायची, डबे उघडायचे आणि परतायचे. काळ्या कातळात उल्केने कोरलेले, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी उल्केचे ठरवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणे ते सुमारे पावणेसहा लाख वर्षांचे आहे. यातले अवाक्षर मी कधी मुलांना सांगितले नव्हते. विषय मराठी असला म्हणून डोळे मिटून चालायचे, असे थोडेच आहे!

मे महिन्याच्या सुटीत भाचा घरी आला. दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही मामा-भाचे डोणगावहून मेहकरला आणि तिथून एस.टी.ने लोणारला गेलो. उन्हाने झाडी विरळ झाली होती. काठाच्या एका उघड्या कड्यापाशी तो थांबला, दगडावर तळहात ठेवला आणि लहान मुलासारखा ओरडला, “मामा, बाहेरच्या बाजूला! थर बाहेर कलले आहेत!” एरवी आडवा पसरलेला आपला काळा दगड तिथे आतून धक्का बसल्यासारखा उचलला गेला होता. इतक्या वर्षांत मी तो प्रथमच पाहिला. दुपार टळेपर्यंत आम्ही काठानेच हिंडलो.

संध्याकाळी डोणगावला पोचताच त्याने आधी प्राध्यापकांना कळवले. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिने विचारले, “देवीचं दर्शन नीट झालं ना रे?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. देवळाकडे उतरायचे आम्ही साफ विसरलो होतो!