आधी समुपदेशक, मग प्रश्नावली

नववीच्या वर्गात २५ विधानांचा कागद वाटला, तर तास संपायच्या आत तो भरून हातात येतो. खर्च काय तो झेरॉक्सचा. डोके-पोट वरचेवर दुखते, राग पटकन येतो, एकटेच राहावेसे वाटते, अशा आशयाच्या विधानांपुढे 'खरे नाही', 'थोडेफार खरे', 'अगदी खरे' यांपैकी एका चौकटीत खूण करायची. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची ही प्रश्नावली १९९७ साली प्रसिद्ध झाली. 'एसडीक्यू' या नावाने ती आज जगभर वापरली जाते. त्यातल्या २० विधानांवरून अडचणींचे गुण काढतात, ० ते ४०. जिथे तालुक्यात एकही मनोविकारतज्ज्ञ नाही, तिथे अशा स्वस्त चाळणीचा मोह पडणारच.

आता थोडे गणित. बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. सोयीसाठी ७ धरू. म्हणजे हजार मुलांत ७० जणांना खरोखर उपचारांची गरज. समजा, आपली चाळणी आजारी मुलांपैकी ८० टक्के अचूक पकडते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्क्यांना अचूक सोडते. मग ७० पैकी ५६ सापडतील, १४ निसटतील. पण उरलेल्या ९३० निरोगी मुलांतलीही १८६ यादीत येतील! एकूण नावे २४२, खरी ५६. चारांतली तीन नावे उगाच आलेली. यात प्रश्नावलीचा दोष फारसा नाही. शोधायची गोष्ट मुळात कमी जणांत असली की असेच होते.

त्या १८६ जणांपैकी कुणाची चाचणी परीक्षा तोंडावर असेल, कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झाले असेल. दुसऱ्या फेरीत कुणीतरी शांतपणे बोलले, तर ती बाजूला काढता येतात. ती फेरीच नसेल, तर यादी शिक्षक-खोलीत फिरते आणि पोराच्या नावाला 'डोक्याचा प्रॉब्लेम' कायमचा चिकटतो.

नैराश्यासाठीच्या 'पीएचक्यू-९' मधला नववा प्रश्न तर थेट मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. शनिवारी सकाळच्या शाळेत एखादीने तिथे खूण केली, गठ्ठा कपाटात गेला आणि सोमवारी उघडला, तर? तो कागद त्याच दिवशी वाचणारा माणूस नसेल, तर तो प्रश्न विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच चाळणीचे निकष लिहिले. निदानाची आणि उपचारांची सोय हाताशी हवी, हे त्यांत आहेच.

गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने दिल्लीच्या सरकारी शाळांत वेगळी वाट धरली. आधी शाळेत समुपदेशक बसवले. ते डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे. मग वर्गात जाऊन ताणाबद्दल मोकळेपणी बोलण्याचे सत्र घेतले. त्यानंतर समुपदेशकाकडे येणाऱ्यांची संख्या खूप वाढली आणि बहुतेक मुले आपणहून आली. एसडीक्यू होतीच, पण दार ठोठावल्यानंतर. पुढे २५१ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली. निम्म्यांना समस्या सोडवण्याच्या पुस्तिका आणि समुपदेशकाबरोबर थोड्या भेटी, निम्म्यांना नुसत्या पुस्तिका. सहा आठवड्यांनी भेटी झालेल्या मुलांच्या, त्यांनीच सांगितलेल्या अडचणी जास्त हलक्या झाल्या होत्या. गंमत म्हणजे एसडीक्यूच्या गुणांत तेव्हा दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता.

हे काम शिक्षकांवरच का सोपवू नये? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत तेही तपासले गेले. एकच आरोग्य कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने राबवला, काही शाळांत शिक्षकाने. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र उद्या मानसिक आरोग्य तपासणीचा जीआर निघाला, तर तो गठ्ठा पोषण आहाराच्या नोंदी आणि मतदार यादीच्या कामाबरोबर वर्गशिक्षकाच्याच टेबलावर येऊन पडेल.